एकशे चव्वेचाळीस रातांबे

नारळ दोनच लागणार होते. प्रीतमने तीन आणले. "एखादा नासका निघाला म्हणजे?" असं म्हणून त्याने तिसरा फ्रिजवर ठेवला. गंधालीला त्याचं नवल वाटलं नाही. तिचा दादा दहावीच्या परीक्षेलाही तीन पेनं घेऊन गेला होता, आणि तिन्ही शेजारच्या पोराला देऊन आला होता.

रविवारचे दहा वाजले होते. वहिनी मुलीला घेऊन चित्रकलेच्या परीक्षेला मुलुंडला गेली होती, त्यामुळे नाहूरच्या त्या हॉलमध्ये कधी नव्हे ते पाय पसरायला जागा होती. डायनिंग टेबल मोकळं करून त्यावर बाबांनी, म्हणजे काशीराम धुरींनी, जुन्या कॅलेंडरचं पान पालथं पसरलं होतं. पानावर बारा उभ्या ओळी, प्रत्येक ओळीत बारा ठिपके. वरच्या बाजूला लिहिलं होतं 'रस्तो', खालच्या बाजूला 'व्हाळ', म्हणजे ओढा. मधोमध, सगळ्या ओळींना कापत जाणारी एक लाल रेघ.

ती रेघ जयवंतने मारली होती. काशीरामांचा धाकटा भाऊ धोंडिराम चार वर्षांपूर्वी गेला, जयवंत त्याचा मुलगा. दिंडोशीच्या कोर्टात कारकून. गावची ती जमीन दोन भावांची, आणि तिच्यावरची रातांब्याची, म्हणजे कोकमाची, एकशे चव्वेचाळीस झाडंही दोघांचीच. सहा वर्षांपूर्वी काशीराम खड्डे खणत होते तेव्हा दोरीचं दुसरं टोक धोंडिरामने धरलं होतं. धुऱ्यांच्यात वाटपाची रीत साधी आहे: एका घराने रेघ मारायची, दुसऱ्याने हव्या त्या वाट्यावरचा नारळ आधी उचलायचा. रेघ मारणाऱ्याला उरेल ते. म्हणजे रेघ मारणारा आपोआप सरळ मारतो.

"बरोबर निम्मी-निम्मी," जयवंत म्हणाला. "बहात्तर वर, बहात्तर खाली. वर रस्ता आहे, खाली पाणी. आता झाडं कशी निघतील ते देव जाणे." मग गंधालीकडे बघून हसला. "देव आणि आमच्या बाईसाहेब."

"जयवंतदादा, सुरू नको होऊस हां."

"अगं गंमत केली. तुझ्याकडे यादी आहे हे मला माहीत आहे. तू तोंड उघडणार नाहीस हेही माहीत आहे. म्हणून तर डोळे मिटून रेघ मारली. नाहीतर मी कोर्टातला माणूस, सख्ख्या बापाची सहीसुद्धा दोनदा तपासतो."

गंधालीने मान डोलावली आणि पाण्याचा ग्लास उचलला. 

धुऱ्यांच्या घरात तिच्या नोकरीला 'झाडांच्या पत्रिका बघणं' म्हणतात. दापोलीला शिकायला गेली तेव्हापासून आजपर्यंत, एक्केचाळीस वर्षांची होईतो, तिने आईला निदान पंधरा वेळा समजावलं असेल. रातांब्याचं बी रुजवायचं, सात-आठ वर्षं पाणी घालायचं, गुरं हाकायची, आणि मग एखाद्या डिसेंबरात पहिलं फूल आलं की कळतं, झाड नर आहे. नराला फळ नाही. मादी निघाली तरी फळ सुपारीएवढं की लिंबाएवढं, ते आणखी दोन वर्षांनी. म्हणून ती रोपाच्या पानातून टिकलीएवढा तुकडा काढते. त्या टिकलीत आईबापांकडून आलेल्या हजारो खुणा असतात. कोकणातल्या आठशे जुन्या झाडांच्या खुणा आणि त्या झाडांनी धरलेली फळं तिच्याकडे नोंदलेली आहेत. दोन्ही ताडून पाहायचं आणि आज सांगायचं की हे पोर मोठं होऊन काय करणार. पहिली दहा वर्षं तिची भाकितं चुकण्यातच गेली. आता नर-मादीचं शंभरात नव्वद वेळा जुळायचं, फळाचं साठ-पासष्ट वेळा.

पण जुळतं, हे सिद्ध कसं करायचं? त्यासाठी फूल यायच्या आधी भाकीत लिहून, पाकीट बंद करून ठेवावं लागतं. ते पाकीट तिच्या संशोधन संस्थेत, तिचे वरिष्ठ देवदत्त सर यांच्या कपाटात होतं. सरांनी बजावलं होतं: फुलं येईपर्यंत यातलं एकही झाड तुटता कामा नये, आणि मोजणाऱ्याला यादी माहीत असता कामा नये. नाहीतर सहा वर्षं पाण्यात. दुसऱ्यांच्या बागेत असली झाडं राहत नाहीत, मालकाला नराचा नुसता संशय आला तरी कोयता चालतो. म्हणून तिने बापाची झाडं घेतली. बाप कोयता उचलणार नाही, याची तिला खात्री होती.

"कागदात ते कलम घातलंस ना?" तिने जयवंतला विचारलं. "दोन वर्षं तोडायचं नाही म्हणून?"

"सातवं कलम. माझ्या अक्षरात." जयवंतने स्टँपपेपरवर टिचकी मारली. "आधी नारळ होऊ दे."

काशीराम उठले. शहात्तर वर्षांचे, पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की पाठ ताठ. दोन नारळ ठेवले, एक 'रस्तो'वर, एक 'व्हाळा'वर. हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी दोन घरां हय नाहूराक तिसऱ्या माळ्यार जमली हत. धाकट्या घरान रेघ मारली हा, थोरल्या घरान वाटो उचलूचो हा. कोणाच्या मनात काय वाकडा आसात, तर ता सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. प्रीतमचा आवाज सगळ्यात मोठा होता.

"उचल रे झिला," काशीराम म्हणाले. "माझा काय, मी आज आसंय. झाडां तुका बघूची हत."

*

प्रीतमने रात्रीच ठरवलं होतं की पटकन उचलायचं नाही. थोडं थांबायचं, डोकं खाजवायचं, आईकडे बघायचं. पण हात आपणहूनच गेला. रस्त्याकडचा नारळ त्याच्या हातात आला तेव्हा काशीरामांनी जोडलेले हात अजून सोडलेही नव्हते.

"अरे?" जयवंत म्हणाला. "तुला तर व्हाळ हवा होता ना? दोन वर्षं डोकं खाल्लंस माझं, पाणी पाणी करून."

"बदलला विचार. रस्ता असला की टेम्पो आत येतो."

हे खोटं नव्हतं. टेम्पो येतोच. भांडुपची त्याची कंपनी मे महिन्यात बंद होणार होती, हे घरात फक्त बायकोला माहीत होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी कोण नोकरी देणार? त्याने गावी जायचं पक्कं केलं होतं. आगळ, आमसुलं, सरबत करून विकायचं. पण ज्या झाडांतली निम्मी नर निघणार, त्यांच्या जिवावर बिऱ्हाड हलवायचं कसं?

काल संध्याकाळी गंधाली बोरिवलीहून राहायला आली. ती आंघोळीला गेली, लॅपटॉप चार्जिंगला. पासवर्ड आईची जन्मतारीख, तीसुद्धा खरी नव्हे, शाळेच्या दाखल्यावरची. दादापासून लपवायचं असतं तर तिने असला पासवर्ड ठेवला असता का? निदान तो स्वतःला असं सांगत होता. मोबाइलवर एकच फोटो काढला. एक ते एकशे चव्वेचाळीस, चांगल्या माद्यांच्या पुढे हिरवा रंग, नरांच्या पुढे राखाडी. बाथरूममध्ये बसून त्याने मोजलं. अठ्ठेचाळीस हिरवी. रस्त्याकडे एकतीस, व्हाळाकडे सतरा.

ती दापोलीला गेली त्या वर्षी त्याने डिप्लोमा सोडला होता. दोघांची फी भरणं बाबांना जमणारं नव्हतं. त्याबद्दल तो कधी बोलला नव्हता, आणि तीही बोलली नव्हती. एक फोटो तर आहे, त्याला वाटलं. एक फोटो म्हणजे काय मोठंसं?

*

जयवंत एकेक कलम वाचत होता. कोर्टातल्या माणसाला वाचायला दिलं की तो चहा निवेपर्यंत वाचतो.

"कलम सात. दोन्ही हिश्शांतील कोणतेही झाड आजपासून दोन वर्षे तोडू नये, छाटू नये, त्यावर कलम बांधू नये. साक्षीदार म्हणून सही, सौ. रत्नप्रभा काशीराम धुरी, म्हणजे आपली मोठीआई."

"हे माझ्या हिश्शात नको," प्रीतम म्हणाला.

"का?" गंधालीने विचारलं. "दादा, आपलं बोलणं झालं होतं."

"झालं होतं. पण जूनमध्ये मला कामाला लागायचंय. नको ती झाडं बुंध्याशी उतरवून त्यांच्यावर कलमं बांधली की तीन वर्षांत फळ सुरू. उगाच दोन वर्षं कशाला घालवायची?"

पंखा फिरत होता. जयवंतने कागद खाली ठेवला आणि चष्मा काढला.

"नको ती म्हणजे?"

"म्हणजे नर."

"फूल कुठे आलंय, प्रीतम? नर कुठले ते तुला कसं कळणार जूनमध्ये?"

 स्वयंपाकघराच्या दारात रत्नप्रभा, म्हणजे आई, हातात पळी घेऊन उभी होती. प्रीतमने तिच्याकडे बघितलं. लहानपणी खोटं पकडलं गेलं की बघायचा तसंच.

"अंदाजाने," तो म्हणाला. "पानांवरून."

"पानांवरून!" जयवंत हसला, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "पानांवरून कळत असतं तर हिला सरकारने पगार कशाला दिला असता?"

गंधाली टेबलापाशी आली. तिचा आवाज इतका शांत होता की रत्नप्रभाने पळी खाली ठेवली.

"दादा, कुठली झाडं उतरवणार होतास? दाखव."

"सोड ना यार, गंधा."

"नकाशावर दाखव."

काशीरामांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. प्रीतमने झाडं दाखवली. चिडून दाखवली, पेन्सिल दाबून. दुसऱ्या ओळीत रस्त्याकडून तिसरं, चौथं. चौथ्या ओळीत पहिलं. पेन्सिल जसजशी पुढे सरकत होती तसतसा गंधालीला त्याचा हिशेब दिसत गेला. यादी तिला पाठ होती. प्रीतमने प्रत्येक ओळ रस्त्याकडून मोजली होती. कोणीही शहाणा माणूस तशीच मोजेल. पण झाडांना नंबर बाबांनी घातले होते, आणि बाबा तीस वर्षं मिलच्या साचेखात्यात, मागांवर होते. तिथे एका गल्लीतून साचे मोजत जायचं आणि दुसऱ्या गल्लीतून मोजत परत यायचं. रिकामं चालत परत यायचं आणि मग मोजायचं, हा चालण्याचा अपव्यय काशीरामांच्या डोक्यात बसणंच शक्य नव्हतं. पहिली ओळ रस्त्याकडून व्हाळाकडे, दुसरी व्हाळाकडून रस्त्याकडे. ओळीआड ओळ उलटी. रस्त्याकडे एकतीस नव्हतीच, वीस होती. अठ्ठावीस व्हाळाकडे, जयवंतच्या वाट्यात.

प्रीतमने चोरी केली होती, आणि चोरीत कमी भरलेलं पोतं उचललं होतं.

क्षणभर तिला गप्प बसायचा मोह झाला. खोटं नाही, चांगलाच झाला. देवाने परस्पर न्याय केला होता, आपण कशाला मध्ये पडा? पण जूनमध्ये हा माणूस कोयता घेऊन गावी जाणार, आणि नर समजून माद्या छाटणार. आणि ते थांबवायला तिला सांगावं लागणार की तू चुकीचं वाचलंस. सांगितलं की दादा म्हणणार, मग नारळ परत ठेवू. आणि समोर जयवंत बसला होता, ज्याने तिच्या भरवशावर डोळे मिटून रेघ मारली होती.

"दादाने यादी बघितली आहे," ती म्हणाली. "काल. माझ्या लॅपटॉपमधून."

"गंधा!"

"मी दाखवली नाही, जयवंतदादा. पण झाकूनही ठेवली नाही. ते माझं चुकलं."

जयवंतने नारळाकडे बघितलं.

"माझ्या बापाने दोरी धरली होती," तो म्हणाला. "मला काय वाटतंय माहितेय? मागितली असतीस ना प्रीतम, तुझी कंपनी बंद होतेय म्हणून मागितली असतीस, तर हवी ती बाजू दिली असती मी."

"कंपनी बंद?" रत्नप्रभाने विचारलं.

"तुला कोणी सांगितलं?" प्रीतम म्हणाला.

"भांडुपची अख्खी युनियन दिंडोशीत तारखांना येते रे बाबा. मला सांगायला कशाला कोण हवं?"

प्रीतम खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून प्रत्येकाने दुसरीकडे कुठेतरी बघितलं.

"आता मला दाखव," जयवंत गंधालीला म्हणाला. "यादी."

"जयवंतदादा, अजून एकाने बघितली तर..."

"तर तुझं संशोधन बिघडेल. कळतंय मला. पण एकाने बघितलेली आणि एकाने न बघितलेली, असं कसं चालेल? बघायची नाही तर दोघांनी नाही, बघायची तर दोघांनी. एवढंच म्हणतोय. तूच सांग, मी चुकीचं बोलतोय का?"

तो चुकीचं बोलत नव्हता. तीच तर अडचण होती.

तेवढ्यात काशीराम उठले.  त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली.

"माका नको दाखवू," ते म्हणाले. "माझ्या कानार पण घालू नको. सहा वर्सा पाणी घातलंय, आता निकाल आधीच ऐकू? मी खाली जातंय."

"ऊन आसा भायर," रत्नप्रभा म्हणाली.

"आसांदे."

दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग जिन्यावरून एकेक पायरी उतरणाऱ्या चपला.

*

पडदा तसा लहानसा, पण रत्नप्रभाला चष्म्याशिवायही रंग दिसत होते. हिरवा, राखाडी, राखाडी, हिरवा. तिला वाचायचं नव्हतं. पण ती मुलीच्या पाठीशी उभी होती, आणि तिथून हलली असती तर मुलगी एकटी पडली असती. म्हणून राहिली.

गंधालीने नंबर कसे घातलेत ते सांगितलं. जयवंतने पेनाने एकेक ठिपका मोजला, दोनदा मोजला. प्रीतमने तिसऱ्यांदा मोजला.

"वीस," प्रीतम म्हणाला. "माझ्याकडे वीस?"

"आणि माझ्याकडे अठ्ठावीस." जयवंतने पेनाचं टोपण लावलं. "चोरी तू केलीस, आठ झाडं मला मिळाली. असं गिऱ्हाईक आमच्या कोर्टात येत नाही."

"परत ठेवूया नारळ. आता दोघांना माहीत आहे, आता सरळ वाटून घेऊ. चोवीस-चोवीस."

"नारळ एकदाच उचलतात, प्रीतम."

"जया, ऐक ना..."

"एकदाच. गाऱ्हाणं तू ऐकलंस ना? माझ्यापेक्षा मोठ्याने व्हय म्हणालास." त्याने कागद प्रीतमपुढे सरकवला. "मी सातव्या कलमावर सही करतो. माझ्याकडची चव्वेचाळीस नकोशी झाडं दोन वर्षं तशीच उभी राहतील. हिच्यासाठी. तूही कर. नाही केलीस तर मीही करत नाही, मग दोघे मिळून कोयते घेऊन जाऊ आणि हिची सहा वर्षं चुलीत घालू."

प्रीतम बहिणीकडे वळला. "तू गप्प बसली असतीस तर काही झालं नसतं. सख्खा भाऊ मी आहे की तो?"

"तू," गंधाली म्हणाली. तिचा आवाज आता पहिल्यांदा हलला. "तूच आहेस. तू डिप्लोमा सोडलास ते मला माहीत आहे, दादा. आईने सांगितलं होतं तेव्हाच. मी कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर मला परत यावं लागलं असतं."

 रत्नप्रभा पुढे आली. तिने पेन उचलून मुलाच्या हातात दिलं, भाताची मूद वाढावी तसं.

"कर सही. तुझो बापूस खाली उन्हात उभो आसा."

"आई, दोन वर्षं मी काय करू?"

"गावाला नुसते रातांबेच नाहीयेत," जयवंत मध्येच म्हणाला, कागदावरून नजर न उचलता. "वरच्या अंगाला माझ्या काजूची पन्नास झाडं आहेत, बघायला कोणी नाही. मे महिन्यात ये. बोलू." मग आवाज चढवून, "माफ केलंय असं समजू नकोस हां! बोलू म्हणालो फक्त."

प्रीतमने सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की जयवंतने सवयीने पुन्हा एकदा करायला लावली.

गंधालीने तिथेच, त्या कॅलेंडरच्या पानाशेजारी बसून, देवदत्त सरांना पत्र लिहिलं. भाकितांची यादी आज रविवारी माझ्या हलगर्जीपणामुळे उघड झाली. पाहणारे तीन जण: माझा भाऊ, चुलतभाऊ आणि आई. झाडं तोडणार नाही असा लेखी करार झाला आहे, प्रत सोबत. चाचणी ग्राह्य धरायची की नाही, हा निर्णय समितीचा. तिने दोनदा वाचलं. 'हलगर्जीपणा' हा शब्द काढून बघितला, परत घातला, आणि पाठवून दिलं.

दहा मिनिटांत सरांचं उत्तर आलं. रविवारी सरांना दुसरं काम नसावं. एकच ओळ होती: 'यादी न पाहिलेला, झाडं ओळखणारा, मोजायला कोणी उरला आहे का?'

*

काशीराम वॉचमनच्या खुर्चीत बसले होते आणि वॉचमन उभा होता. गंधालीला बघून ते उठले. दोघं गेटाबाहेर, भिंतीच्या सावलीतून चालू लागली.

"झाला बोलून?"

"झालं. सह्या झाल्या. दादानेही केली."

"बरा झाला. माका आता पुढचा काय सांगू नको."

"सांगत नाही. विचारायला आलेय." ती म्हणाली. "बाबा, दोन वर्षं मोजायचं काम तुम्हाला करावं लागेल. डिसेंबरात फूल आलं की कुठल्या झाडाला कसलं, ते तुम्ही लिहायचं. मेमध्ये फळं मोजायची, वजन करायचं. मी येणार नाही. दादा नाही, जयवंतदादा नाही. आईसुद्धा नाही. आम्ही सगळ्यांनी बघितलंय. तुम्ही एकटेच राहिलात."

काशीराम थांबले.

"एकटोच जाऊ?"

"गावचं कोणीतरी सोबतीला घेऊ. पण घरचं कोणी नाही."

"म्हणजे माझ्या झाडांका पयला फूल येताला, आणि ता बघूक माझ्यावांगडा घरातला कोणच नसताला."

"हो."

एक रिक्षा अगदी जवळून गेली. काशीरामांनी मुलीला दंडाला धरून आत ओढलं आणि हात तसाच ठेवला.

"दोन वर्सा," ते म्हणाले. "मगे तोवर माका जिवंत रवाक व्हया."

"हो, बाबा. ते कलम कागदात घालायचं राहिलं."

ते हसले. दहा-बारा पावलं दोघं चालली. मग त्यांना राहवलं नाही.

"एक सांगतंय, तू काय बोलू नको. व्हाळाच्या कोपऱ्यातलो तो आसा ना, सोळा खेपा पाणी घालून वाचवलेलो? धोंडग्यान हातान लावलेलो. काय पानां फुटली हत त्याका ह्या वर्सा! सगळ्यांच्या पयलो धरतलो तो. पैज मार."

त्या झाडाचा नंबर गंधालीला माहीत होता. त्याच्यापुढचा रंगही माहीत होता. तिने समोरच्या दुकानाची पाटी वाचायला घेतली. अर्धी वाचून झाली तेवढ्यात बापाचं बोट तिच्या खांद्यावर आलं.

"चेडवा, तोंड तिकडे फिरव," काशीराम म्हणाले. "तुझा तोंड माका वाचता येता."

तिने तोंड फिरवलं. मग वळून घरी येईपर्यंत दोघं तशीच चालली, ते रस्त्याच्या बाजूला बघत, ती भिंतीकडे. दंडावरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.